सेंटर फायरसाठी .३२ रिव्हॉल्वर: घरचं ट्यून करून घ्यावं की नवीन बघावं? (सोलापूर)

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. वय ३४. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, बारा माग. गेली चार वर्षं १० मीटर एअर पिस्तूल मारतोय. साठ शॉटला ५४० ते ५४८ च्या मध्ये अडकलोय, पण सराव नियमित आहे. आता २५ मीटर सेंटर फायर (.३२-.३८ च्या हत्याराची स्पर्धा, आधी निवांत नेमाची प्रिसिजन फेरी, मग घाईची रॅपिड) सुरू करायची फार इच्छा आहे.

वडिलांकडे कानपूर फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्वर आहे. पूर्वी कामगारांच्या पगाराची रोकड बँकेतून आणावी लागायची, तेव्हा परवाना काढून घेतलेलं. आता पगार खात्यात जातात, रिव्हॉल्वर कपाटात पडून असतं. वडील म्हणतात, "नवीन कशाला घेतोस, हेच नीट करून घे." ओळखीच्या एकाने एक कारागीर सुचवलाय, तो ट्रिगर "लोण्यासारखा" करून देतो म्हणे.

माझे प्रश्न: १) हे रिव्हॉल्वर स्पर्धेसाठी तयार होईल का? २) नसेल तर रिव्हॉल्वर घ्यावं की सरळ पिस्तूल? ३) ट्यूनिंग म्हणजे नेमकं काय काय करतात? आमच्याकडे सांगणारं कोणी नाही. दर वेळी पुण्याला जाऊन विचारायचं म्हणजे सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडा आणि कारखान्याचा एक दिवस घालवा.

बालेवाडी_लेन७

पिस्तूल घ्या. रॅपिडच्या फेरीत रिव्हॉल्वर प्रत्येक शॉटला कॉक करावं लागतं (हॅमर मागे ओढून अडकवावा लागतो), पिस्तूलाला ती भानगड नाही. वरच्या स्कोअरला आज बहुतेक सगळे .३२ च्या मॅच पिस्तूलानेच मारतात. घरचं रिव्हॉल्वर वडिलांकडेच राहू द्या.

निवृत्त_आर्मोरर

मी ३१ वर्षं पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. आता विजापूर रोडला घरीच असतो. प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझा मुलगा तुमच्याच वयाचा आहे, त्यामुळे अरे-तुरे करतो, राग मानू नका.

आधी कायद्याचं, कारण ते चुकलं तर पुढचं सगळं वाया. परवाना वडिलांच्या नावावर आहे ना? मग ते हत्यार वडिलांचं. ते घेऊन तू एकटा रेंजवर जाऊ शकत नाहीस, सरावाला नाही आणि स्पर्धेला तर नाहीच. सोलापूर शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात होतं, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. तुझ्या नावावर काय आणि कसं होईल ते तिथे जाऊन लेखी विचार. तोवर रायफल क्लबच्या परवान्यावरचं हत्यार क्लबच्या रेंजवर, कोचसमोर वापर.

आता वडिलांच्या रिव्हॉल्वरबद्दल. ते हत्यार वाईट नाही. जुन्या ब्रिटिश वेबलीच्या घडणीचं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. पण ते अंगावर बाळगायला केलेलं आहे. बॅरल तीन इंचांची आणि साइट (नेम धरायची खूण) पक्की, इकडे-तिकडे न सरकणारी. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर जेमतेम १२५ मिलिमीटर धर. नियमाप्रमाणे सेंटर फायरला हे अंतर २२० पर्यंत चालतं. यात काय फरक पडतो? फ्रंट साइट खाचेत दशांश मिलिमीटर बाजूला राहिली, म्हणजे जाड कागदाच्या जाडीपेक्षाही कमी, तर २५ मीटरवर लांब हत्याराची गोळी ११ मिलिमीटर सरकते आणि वडिलांच्या रिव्हॉल्वरची २० मिलिमीटर. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २५. तुझ्या हाताची चूक तेवढीच, पण एकात दहा राहतो आणि दुसऱ्यात कडेवर जातो. कितीही ट्यूनिंग केलंस तरी हे गणित बदलत नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. त्यावर एक रुपया घालू नकोस.

दुसरा प्रश्न. वरच्या भाऊंचं म्हणणं खोटं नाही. पण माझं मत थोडं वेगळं आहे. क्लबमध्ये चांगलं, लांब बॅरलचं, सरकत्या साइटचं .३२ किंवा .३८ रिव्हॉल्वर असेल तर पहिलं वर्ष त्याच्यावर काढ. पिस्तूल बरंच काही झाकतं. एक शॉट वाईट गेला की पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये आलेली असते, माणूस तोच झटका घेऊन पुढचा शॉट मारतो. रिव्हॉल्वरला दर शॉटला अंगठ्याने हॅमर मागे घ्यावा लागतो. पकड हलते आणि ती पुन्हा बसवावी लागते. कंटाळवाणं वाटेल, पण पकड सारखी बसवायची सवय त्यातूनच लागते. फ्रेंच मनूऱ्हँ कंपनीने एमआर ३२ नावाचं रिव्हॉल्वर मुद्दाम या स्पर्धेसाठीच बनवलं होतं, तेव्हा रिव्हॉल्वरने हे होत नाही असं कोणी म्हणू नये.

हत्यार बघताना हे नियम डोक्यात ठेव. कॅलिबर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर, त्यामुळे .३२ आणि .३८ दोन्ही बसतात. वजन १४०० ग्रॅमच्या आत. बॅरल १५३ मिलिमीटरपर्यंत, रिव्हॉल्वरची मोजताना सिलिंडर (गोळ्यांचं फिरणारं चाक) सोडून. ट्रिगर किमान १००० ग्रॅम.

या शेवटच्या आकड्यावर जरा थांबतो, कारण सगळा घोळ इथेच होतो. तू लिहिलंस, कारागीर ट्रिगर "लोण्यासारखा" करतो. माझ्या एका दोस्ताने असंच केलं होतं, दुसऱ्या गावच्या कारागिराकडून. त्याने सिअरची (कॉक केलेला हॅमर अडवून धरणारा भाग) खाच घासून घासून जवळजवळ सपाट केली आणि वरून स्प्रिंगचे दोन वेढे कापले. दोस्त खूश. आम्ही सरावाला उभे राहिलो. त्याने हॅमर मागे घेतला, अंगठा काढला, बोट अजून ट्रिगर गार्डच्या बाहेर होतं. मी शेजारीच होतो, स्वतः पाहिलंय. हात वर जाता जाता गोळी सुटली. नळी समोर होती म्हणून ती मातीच्या बंधाऱ्यात गेली. मी ते रिव्हॉल्वर तिथेच रिकामं करून घेतलं. मग हॅमर कॉक करून मागून अंगठ्याने नुसता पुढे ढकलला, आणि तो पडला. ट्रिगरला स्पर्श न करता! खाच एवढीशी उरली होती की नखाला लागत नव्हती. ते हत्यार स्पर्धेत नेलं असतं तरी तपासणीच्या टेबलावर बाद झालं असतं, कारण १००० ग्रॅमचं वजन त्याने उचललंच नसतं.

म्हणून मी सगळ्या पोरांना एकच सांगत आलो: ट्रिगर हलका नको, सारखा हवा. पहिल्या शॉटला १२०० ग्रॅमला सुटला तर साठाव्यालाही १२०० ला सुटला पाहिजे. तुमच्या मागावरही तसंच असतं ना? धोटा जोरात मारला म्हणून कापड चांगलं होत नाही. दर फेकीला तेवढाच मारला पाहिजे, नाहीतर पट्टा पडतो.

तिसरा प्रश्न, ट्यूनिंग. घासणं-कापणं घरी अजिबात नाही. ते काम परवाना असलेल्या गनस्मिथचं, आणि तेही त्याच्याकडून लिहून घेऊन. पण हत्यार घेण्याआधी तपासायचं कसं, ते तुला आलंच पाहिजे. रिकामं हत्यार, सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं डोळ्यांनी बघितलेली, गोळ्या दुसऱ्या खोलीत.

रात्री पंखा बंद कर आणि हॅमर अगदी हळू मागे घे. दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकंसं टेकव, जरा ओढ लागेल इतकंच. दोन आवाज यायला हवेत. आधी सिलिंडरचा खटका खाचेत पडतो तो बारीक "टिक", मग हॅमर सिअरवर बसतो तो "टक". टिक आधी, टक नंतर. सहाही घरांना असंच कर आणि कान देऊन ऐक. एखाद्या घराला टक आधी आला आणि सिलिंडर तेवढ्यात बोटाने पुढे ढकलला जात असेल, तर त्या घराची गोळी बॅरलच्या तोंडाशी सरळ उभी नाही. अशा हत्यारातून शिशाचे बारीक कण बाजूला उडतात. शेजारच्या लेनच्या माणसाच्या हाताला टोचले की कळतंच.

नंतर सिलिंडर आणि बॅरल यांच्यातली फट. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तुमच्या फिटरकडे असेलच. ०.१० ते ०.२० मिलिमीटर उत्तम. त्याहून कमी असेल तर चाळीस-पन्नास गोळ्यांनंतर काजळी साचून सिलिंडर अडकतो, आणि तो नेमका रॅपिडच्या फेरीत अडकतो. जास्त असेल तर वायू तिथूनच निसटतो. मग सिलिंडर पुढे-मागे हलवून बघ. गेजचं पान घालून माप दोनदा घे, एकदा सिलिंडर पुढे दाबून, एकदा मागे दाबून. दोन्हींत फरक जास्त आला तर ते हत्यार झिजलेलं आहे.

मेन स्प्रिंग हलकी करायचा मोह सगळ्यांना होतो. स्प्रिंग हलकी झाली की हॅमरचा मार कमी पडतो आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) पेटत नाही. आपल्या खडकीच्या कारखान्याच्या गोळीला, बुडावर केएफ लिहिलेलं असतं ती, आणि परदेशी मॅच गोळीला लागणारा मार सारखाच असेल असं धरू नये. स्पर्धेत जी गोळी मारणार, तिच्यावरच स्प्रिंग पारखायची. शंभर गोळ्यांत एकही फुसकी गेली तर स्प्रिंग परत पहिली.

गोळीवरून आठवलं. मॅचला वॉडकटर मिळाली तर बघ, सपाट तोंडाची. शिसं काडतुसाच्या पितळी नळीच्या तोंडाशी सपाट बसवलेलं असतं. ती कागदाला पंचसारखं स्वच्छ गोल भोक पाडते. गोल तोंडाची गोळी कागद फाडते, आणि भोक रेषेला लागलं की नाही यावर वाद होतात.

बाकी ग्रिपबद्दल नंतर लिहितो, डोळे दुखायला लागले.

टॉवेलवाला_सोलापूर

काका, पाया पडतो. एवढं कोणी बसून सांगितलं नव्हतं.

काल रात्री वडिलांना शेजारी बसवून, त्यांच्याच हातात ठेवून, तुम्ही सांगितलेलं सगळं करून पाहिलं. पंखा बंद केल्यावर आईने विचारलं, घरात कोण आजारी आहे का! आमच्या फिटरकडून फीलर गेज आणलं होतं. फट ०.२५ आली. ट्रिगर मोजायला एक युक्ती केली. पाण्याच्या दोन लिटरच्या बाटलीच्या गळ्यात दोरी बांधून ती हॅमर कॉक करून ट्रिगरला अडकवली आणि वडिलांनी नळी वर धरून हळूहळू उचललं. बाटली भरली तरी सुटला नाही. मग थोडं थोडं पाणी दुसऱ्या बाटलीत घालून तीही लावली, तेव्हा वजनकाट्यावर २३५० ग्रॅम भरले. पाच वेळा केलं, पाचही वेळा शंभर ग्रॅमच्या आत. म्हणजे जड आहे, पण सारखा आहे ना?

पाचव्या घराला टिक आणि टक एकदमच आले.

त्या कारागिराला नको म्हणून फोन केला. वडील थोडे हिरमुसले, पण टिक-टक त्यांनी स्वतः ऐकलंय, त्यामुळे बोलले नाहीत काही. क्लबमध्ये चौकशी केली. त्यांच्याकडे सहा इंची बॅरलचं एक जुनं .३२ आहे, साइट सरकणारी. पुढच्या आठवड्यात जातोय. रॅपिडला कॉक करायला वेळ पुरतो का, तेवढं कोणी सांगा.

दहा_पॉइंट_नऊ

मी पिस्तूलवाली, कोल्हापूरची. आमच्याकडे राहीताई सरनोबतांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण आणलं तेव्हापासून गल्लीगल्लीत पोरींना २५ मीटरचा नाद लागलाय. बायकांच्या स्पर्धेतही रॅपिड असतंच, .२२ वर, आणि वेळेचा हिशेब तोच. म्हणून सांगते.

टार्गेट ७ सेकंद लपलेलं आणि ३ सेकंद समोर. एका खेपेला एकच शॉट, अशा पाच. दरम्यान हात खाली, ४५ अंशांवर. कॉक करायचं ते त्या सातात. क्लबमधले एक जुने रिव्हॉल्वरवाले असं करायचे: शॉट झाला, हात खाली येता येताच अंगठा हॅमरवर. चार मोजेपर्यंत कॉक होऊन पकड बसलेली, उरलेले तीन सेकंद नुसते शांत. बोट मात्र तोवर गार्डच्या बाहेर. जे लोक आधी हात खाली नेतात आणि मग कॉक करतात, त्यांना सहाव्या सेकंदाला घाई होते, मग पकड वाकडी बसते आणि शॉट डावीकडे खाली जातो.

रॅपिडच्या टार्गेटचं दहा १०० मिलिमीटरचं असतं, प्रिसिजनच्या दुप्पट. त्यामुळे तिथे अगदी बारीक नेम साधत बसू नका. हात वर येतानाच ट्रिगरचा पहिला भार घेतलेला असावा. टार्गेट दिसल्यावर ट्रिगर शोधत बसलात की उशीर झालाच.

एअर पिस्तूलातून आलाय म्हणून एक: ५०० ग्रॅमच्या ट्रिगरची सवय बोटाला असते. हजारावर आलात की सगळं मनगट ओढायला लागतं. पहिला महिना रोज घरी डमी (खोट्या गोळ्या) घालून ड्राय फायर (गोळी न मारता ट्रिगरचा सराव) करा, तेही जर परवान्याचं हत्यार घरी ठेवायची परवानगी तुमच्या नावावर असेल तर. नसेल तर रेंजवरच, सेशनची पहिली वीस मिनिटं.

निवृत्त_आर्मोरर

ताईंनी अगदी नेमकं सांगितलं. चार मोजेपर्यंत पकड, हे लिहून ठेव.

बाटलीचं माप उत्तम. जड पण सारखा, बरोबर ओळखलंस. पाचवं घर मात्र गनस्मिथला दाखवून घ्या, वडिलांच्या हातात ते हत्यार राहणार आहे म्हणून तरी.

आता क्लबचं .३२ हातात येईल तेव्हा पहिल्याच दिवशी हे कर. सिलिंडरच्या मागच्या कडेवर पेन्सिलने घरांना १ ते ६ आकडे घाल. मग एका घरातून पाच शॉट, टेकूवरून, एका कागदावर. सहा घरं, सहा कागद. तीस गोळ्या जातील, जाऊ देत. रिव्हॉल्वर म्हणजे एका बॅरलची सहा हत्यारं आहेत असं समज. सहांतलं एखादं घर हमखास गोळ्या विखुरतं किंवा दुसरीकडे नेऊन टाकतं. आणि सामन्यात एका सिरीजला गोळ्या किती? पाच. घरं सहा. वाईट घर रिकामं ठेवायचं, ते नेहमी शेवटी येईल असा सिलिंडर बंद करायचा. हे नुसतं मन लावून केलंस तर कुठल्याही घासकामापेक्षा जास्त पॉइंट देईल.

साइट. पाच घरांचा मध्य कुठे पडतो ते बघून मगच मागची साइट फिरव. प्रत्येक शॉटमागे स्क्रू फिरवणारे फार पाहिले, ते दिवसभर स्वतःच्याच मागे पळत असतात. हिशेब सोपा आहे: साइटमधलं अंतर गुणिले चूक, भागिले रेंजचं अंतर. अंतर १९० मिलिमीटर आणि गोळ्या ५० मिलिमीटर खाली पडताहेत असं धर. १९० गुणिले ५० भागिले २५,०००, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. मागची साइट तेवढी वर. टीपभर स्क्रू, बास.

फ्रंट साइट उन्हात चकाकते. एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन काय असतं ते तुला माहीत आहे. दहानंतर त्या चकाकीने पुढच्या साइटची उजवी कड डोळ्याला दिसेनाशी होते आणि माणूस नकळत उजवीकडे मारायला लागतो. आम्ही काजळी धरायचो. रिकामं, पुसून कोरडं केलेलं हत्यार, गोळ्या आणि तेलाची बाटली पार लांब. देवघरातला कापूर वाटीत पेटवायचा आणि त्याच्या धुराच्या शेंड्यावर फक्त फ्रंट साइट धरायची, मोजून दोन-तीन सेकंद, तापू द्यायची नाही. मखमलीसारखा काळा थर बसतो, त्यात प्रकाश परतच येत नाही. दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या रेघा सारख्या दिसायला लागतात. बोट लागलं की पुसतो, म्हणून रेंजवर पोचल्यावरच करायचं.

आणि ग्रिप, जे राहिलं होतं. बाजारातला ग्रिप कोणाच्याच हाताचा नसतो. क्लबच्या हत्याराचा लाकडी ग्रिप बदलता येत असेल तर तुझ्यासाठी वेगळी जोडी करून घे, शिसम मिळालं तर शिसमची. सुतारापेक्षा स्वतः केलेली बरी. आधी ग्रिप हातात घे, डोळे मीट, हात वर ने, डोळे उघड. फ्रंट साइट खाचेत आपोआप मध्ये आली पाहिजे. डावीकडे दिसली तर तळव्याच्या मागच्या बाजूला लाकूड कमी-जास्त करायचं, मनगट वळवायचं नाही. एका वेळी पॉलिश पेपरचे चार हात, मग पुन्हा डोळे मिटून. माझ्या एका ग्रिपला अडीच महिने लागले होते. बोटाचं पेर ट्रिगरवर सरळ मागे यायला हवं, बाजूला ढकलता कामा नये. अंगठ्याला हॅमरपर्यंत पोचायला पकड सोडावी लागत असेल तर वरच्या बाजूचं लाकूड उतरव. नियम एवढा लक्षात ठेव की ग्रिपने हाताला वेढा घालायचा नाही.

नेमबाज जसपाल राणांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत अंगात ताप असताना याच सेंटर फायरमध्ये ५९० मारले होते, विश्वविक्रमाची बरोबरी. पोरांना मी हे नेहमी सांगायचो. तापात हात थरथरतो, पण पकड आणि ट्रिगर वर्षानुवर्षं सारखे केलेले असले की हात जागेवर येतो.

टॉवेलवाला_सोलापूर

काका, ताई, आज जाऊन आलो. सहा कागद समोर ठेवून लिहितोय.

१, २, ३ आणि ६ नंबरची घरं आठच्या आत. ५ नंबर जरा डावीकडे, पण गठ्ठा घट्ट. ४ नंबरने पाचातल्या दोन गोळ्या काळ्याच्या बाहेर टाकल्या. टेकूवरून! कोच म्हणाले, इतकी वर्षं आम्ही हे हत्यार "भरवशाचं नाही" म्हणून बाजूला ठेवलं होतं.

मग ४ रिकामं ठेवून हातावर प्रिसिजनची एक सिरीज मारली: ९, ८, ९, १०, ७. सातला मनगट ओढलं होतं, तेव्हाच कळलं होतं.

शिसमचा तुकडा जोडभावी पेठेतल्या एका सुताराकडून मिळालाय. विजापूर रोडला कधी येऊ ते सांगा. वडीलही येतो म्हणतायत.

निवृत्त_आर्मोरर

रविवारी सकाळी ये. वडिलांना नक्की आण. लाकूड आण, आणि ते सहाही कागद आण. ४ नंबरचा मला स्वतः बघायचाय.